शटरं पाहायला या

आमच्या गावाची अक्कल एक दिवस रजेवर गेली आणि त्यामुळेच गाव तरलं, असं मी म्हटलं की सलूनवाला चिडतो. चिडू दे. सगळ्यांत आधी त्याचीच गेली होती.

बाहेरून नवा रस्ता झाला तेव्हापासून आमच्या बाजारात परकं माणूस दिसेनासं झालं होतं. दुकानं एकेक करून बसली. माझं शिवणकाम कसंबसं चालू होतं, कारण माणसं जाड-बारीक व्हायची काही थांबत नाहीत. समोर माझ्या थोरल्या भावाची, दादाची बेकरी. वहिनी गेल्यापासून तो एकटाच भट्टी सांभाळायचा. शहरातल्या त्याच्या मुलाने टुमणं लावलं होतं, "बाबा, बंद करा ते आणि इकडे या." शेवटी दादाने महिनाअखेरीला जायचं ठरवलं.

मी नुसतं "बरं" म्हणाले आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. गावात माझं म्हणावं असं दुसरं होतं कोण? पण थांब म्हणून सांगायचं, तेही मी? आमच्या घराण्यात कुणी कुणाला असलं काही सांगत नाही. फार माया दाटून आली तर आम्ही ताटात जास्तीचं वाढतो आणि वर खेकसतो.

अशात रंगबाईंच्या अंगात आलं. रंगबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाई. त्यांनी आम्हा दुकानदारांना चौकात गोळा केलं आणि म्हणाल्या, "गावात बघण्यासारखं काही नाही म्हणून कोणी येत नाही. मग बघण्यासारखं करू या की! प्रत्येकाने आपापलं शटर रंगवायचं."

"मला साधी रेघ सरळ ओढता येत नाही," सलूनवाला म्हणाला.

"मग वाकडी ओढा. वाकडी जास्त छान दिसते."

झालं, सगळा बाजार पिसाटला. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एकाच शिडीवर चढून भांडायला लागली, आणि भांडण कशावरून, तर पोपटी रंगावरून. सलूनवाल्याने सिंह काढला, आयाळीचा व्यवस्थित भांग पाडलेला. चपलावाल्याने शटरभर गोम काढली आणि तिच्या प्रत्येक पायात वेगळी चप्पल घातली. माझ्या शटरवर एक बाई टेपने चंद्राच्या कमरेचं माप घेत होती. तिचं नाक माझ्यासारखं आहे असं लोक म्हणाले, ते मी मनावर घेतलं नाही. कानांत रंग, केसांत रंग, आणि विनाकारण हसू. इतकी मी लग्नातही हसले नव्हते.

दादा मात्र ब्रशला हात लावेना. "मी जाणारा माणूस. माझ्या शटरला नट्टापट्टा कशाला?"

मी म्हटलं, "नको तर नको." आणि पोपटी डबा आपटला.

रंगबाईंच्या भाचीने आमच्या शटरांचे फोटो जगभर पाठवले. खाली लिहिलं, रविवारी शटरं पाहायला या. आणि खरंच, रविवारी सकाळी दोन बस भरून माणसं उतरली. मागून गाड्या आल्या त्या वेगळ्याच.

आता शटरवरचं चित्र दिसणार कधी? शटर खाली असेल तेव्हा. म्हणून सलूनवाल्याने सकाळीच आपलं शटर ओढलं, पुसून चकचकीत केलं आणि समोर छाती काढून उभा राहिला. त्याचं बघून चपलावाल्याने ओढलं. मी ओढलं. सगळ्या बाजाराने ओढलं. गावात इतकी माणसं लोटली आणि आम्ही झाडून सगळे दुकानं बंद करून बसलो! हे कुणाच्या म्हणजे कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

पाहुणे बघून बघून थकले. एका बाईंनी विचारलं, "इथे चहा कुठे मिळेल हो?"

सलूनवाल्याने चहाच्या दुकानाच्या शटरकडे बोट दाखवलं. तिथे वाफाळती किटली काढलेली होती. "मिळत नाही, पण बघा काय झकास काढलाय!"

एका गृहस्थाच्या चपलेचा अंगठा तुटला. तो लंगडत गोमेपाशी आला. चपलावाला मोठ्या नम्रपणे म्हणाला, "उद्या या. आज प्रदर्शन आहे."

आणि तेवढ्यात पावांचा वास आला. रस्त्यात एकच दुकान उघडं होतं. ज्याच्या शटरवर दाखवण्यासारखं काही नव्हतं, त्या माझ्या दादाचं.

अख्खी गर्दी तिकडे वळली. काचेचं कपाट बघता बघता रिकामं झालं. माणसांच्या मधून दादाचा पिठाने माखलेला हात वर आला. "अगं ए, बघतेस काय? ये की!"

मी धावले. माझ्यामागे चपलावाला, सलूनवाला आणि रंगबाई. रंगबाईंनी मळलेल्या पिठाचे गोळे पाहुण्यांच्या पोरांपुढे टाकले आणि सांगितलं, "काय हवं ते करा." पोरांनी हत्ती केले. चपलावाल्याच्या हातून जे झालं त्याला टाच होती. सलूनवाल्याने पिठाची लांबलचक वेणी घातली आणि तिच्याकडे लांबून, मान तिरकी करून बघितलं. दादा एकेक नमुना भट्टीत सारत होता आणि पोट धरून हसत होता. वहिनीमागे तो हसलेला मी पहिल्यांदा बघितला. मला वाटलं, आता आनंदाने माझं डोकं फिरणार.

एवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याचे हात भरलेले, म्हणून मी फोन स्पीकरवर लावून धरला. मुलगा होता. "बाबा, तुमचं नक्की ना? खोली तयार ठेवतो."

दादाचं हसू मावळलं. "येतो रे. ठरलंय ते ठरलंय."

"नाही येत तो!" मी ओरडले. मग थांबणं माझ्या हातात राहिलं नाही. "दादा, जाऊ नकोस. मला करमायचं नाही तुझ्याशिवाय."

दादा माझ्याकडे वळला. "मग आधी बोलायला काय झालं होतं? प्रवासासाठी म्हणून नवे शर्ट शिवत बसलीस. मला वाटलं, तुलाच घाई झालीय."

"तू विचारलंस का मला?"

"विचारायचं कसलं? वाटलं, सांगशील."

"आत्या," फोनमधून आवाज आला, "मी ऐकतोय हां सगळं."

दादाने भरल्या हातांनीच फोन माझ्याकडून घेतला. मग तो नेहमीसारखा खेकसला, "ऐकलंस ना? मग झालं तर. आता तूच ये पुढच्या रविवारी. आणि येताना यीस्ट घेऊन ये, इथलं सगळं संपलंय!"