बेटावरचं जायफळ

इतवारीतल्या दुकानदाराने जायफळाला सुई टोचली, तशी तेलाची टिकली वर आली. "बेटावरचा माल आहे बाई, या तेलाचाच तर भाव आहे!"

मनकर्णा हरखली. घरातलं मेलं किडकं जायफळ किती उगाळावं, तेव्हा कुठे पोर डुलकी घ्यायचं आणि तिला मागासाठी सुताच्या कांड्या भरता यायच्या.

घरी येताच तिने नवं जायफळ सहाणेवर सवयीने तितकंच उगाळलं आणि दुधातून पाजलं.

संध्याकाळी जागेश्वरने माग थांबवला. खटखट थांबली की पोर रोज दचकून रडायचं.

"आज काहून उठून नाही राहिलं वं?" त्याने बायकोला विचारलं.

मनकर्णाने वाकून पोराच्या नाकाशी बोट धरलं. जायफळाचा वास तेवढा आला.