अडतीस टक्के

भुवनेश्वरी सोलापुरातल्या एका संस्थेत काम करायची. शहराबाहेरच्या माळावर काळविटांसाठी तीन पाणवठे होते आणि भर एप्रिलात टँकर एकच. ऊन, वारा, पाण्याची पातळी, कळपाची ये-जा हे सगळं संगणकात घालून, येत्या दहा दिवसांत कुठला पाणवठा आटेल याचा अंदाज ती दर सोमवारी वनखात्याला पाठवायची. टँकर कुठं न्यायचा ते त्यावर ठरायचं.

त्या सोमवारी पलीकडच्या टोकाच्या पाणवठ्यापुढं, तळ्यापुढं, आटण्याच्या शक्यतेचा आकडा आला, अडतीस टक्के. ती थबकली. मागच्या बैठकीत वनखात्याच्या नव्या साहेबांनी तिच्या टक्क्यांची थट्टा केली होती. "आटणार की नाही एवढं बोला मॅडम. नाहीतर आम्ही नाणं उडवतो." सगळे हसले होते.

तिनं आकडा काढून टाकला आणि तळ्यापुढं हिरवा रंग भरला. हिरवा म्हणजे धोका नाही.

दुपारी वनरक्षक कोंडीबांचा फोन आला. बावीस वर्षं त्याच माळावर पायपीट केलेला माणूस.

"मॅडम, तळं हिरवं दावलंय. नक्की न्हवं? मग टँकर बाकीच्या दोनीकडंच फिरवतो."

"नक्की, काका."

गुरुवारी कोरडा वारा सुटला तो थांबेचना. रविवारपर्यंत तळ्यात नुसता भेगाळलेला चिखल उरला. सोमवारी सकाळी तहानलेला कळप शेतांकडं उतरला आणि कठडा नसलेल्या एका विहिरीत चार माद्या पडल्या.

भुवनेश्वरी पोचली तेव्हा कोंडीबा दोराला धरून वर येत होते. हात सोलवटलेले. एक मादी जिवंत निघाली होती. तिघी लिंबाखाली निजवल्या होत्या, त्यातली एक गाभण.

"तळ्यात पाणी का नव्हतं?" साहेबांनी विचारलं.

"अंदाजात हिरवं हुतं, साहेब." कोंडीबांनी तिच्याकडं पाहिलं.

साहेबही वळले. "मॅडम?"

"अंदाज हा शेवटी अंदाजच असतो, सर," ती म्हणाली. "जागेवर बघायला माणूस असतो ना."

कोंडीबांनी दोर गुंडाळायला घेतला.

दोन दिवसांनी कोंडीबांना नोटीस निघाली. पाणवठ्याकडं दुर्लक्ष केल्याबद्दल खुलासा द्या. ते ऐकल्यापासून भुवनेश्वरी ताट अर्धवट सोडून उठायची. आपलं ते वाक्य तिला आपल्याच आवाजात ऐकू यायचं. आई विचारायची, "काय झालं गं?" ती म्हणायची, "ऊन लागलंय."

शनिवारी ती कोंडीबांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोनं, बजाबाईनं, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि आत गेली.

"काका, आकडा अडतीस टक्के होता. मीच खोडला. मला वाटलं, टक्के कुणाला कळत नाहीत. आणि हसतील."

कोंडीबांनी सोलवटलेल्या हातानं तांब्या तिच्याकडं सरकवला.

"मला कळत्यात की, मॅडम. अडतीस म्हंजी धा येळंतल्या चार येळा आटणार. लई हुतंय ते. तुमी सांगितलं असतं तर मी रोज सकाळी सायकल मारून बघून आलो असतो."

तिची मान खाली गेली. साहेबांना भिऊन तिनं आकडा लपवला होता, आणि ज्याला तो खरोखर कामाचा होता त्याला तिनं अडाणी धरलं होतं.

"मी लेखी देते, साहेबांना."

"द्या," ते म्हणाले. "पर विहिरीवर बोलला असता तर बरं झालं असतं."



सोमवारी तिनं मूळ तक्ता जोडून पत्र दिलं. नोटीस मागं घेतली गेली. संस्थेनं अंदाजाचं काम तिच्याकडून काढून दिपाली नावाच्या सहकारी मुलीला दिलं आणि यापुढं आकडा जसाच्या तसा पाठवायचा असं ठरलं. भुवनेश्वरीकडं पाणवठ्यांवर नव्यानं बसवलेल्या कॅमेऱ्यांच्या फोटोंतली जनावरं मोजायचं काम आलं.

त्या फोटोंत काळविटं असायची, ससे, कधी एखादं खोकड. आणि रोज सकाळी सातच्या सुमाराला तळ्याकाठी वाकून काठीनं पाण्याची खोली बघणारे कोंडीबा. हा फोटो मोजायचा नसायचा. तरी ती त्यावर थांबायची, विहिरीवरचं आपलं वाक्य तिला पुन्हा ऐकू यायचं, आणि पुढचा उघडायला तिला धीर गोळा करावा लागायचा.