कुंडीचं वजन

"काकू, तुम्ही खरंच झाडांशी बोलता?"

तिने विचारून टाकलं एकदाचं! दुकानाच्या काचेबाहेर तिच्या दोन मैत्रिणी एकमेकींना चिमटे काढत हसत होत्या. पैज त्यांचीच. रोपं विकणाऱ्या काकूंनी कात्री खाली ठेवली, केस मागे सारले आणि कानातला इयरफोन दाखवला.

"बहिणीशी बोलते. रोज. झाडं मधेच कान देतात, त्याला मी काय करू?"

बाहेरच्या दोघी धूम पळाल्या. ती मात्र पिशवीतून कुंडी काढत राहिली. तिचं खरं काम हे होतं.

ताईचं बिगोनियाचं झाड. पानं वरून रुपेरी, खालून डाळिंबी. उजेडासमोर धरली की आतून दिवा लावल्यासारखी. आता मात्र देठ मऊ पडले होते, पानांनी माना टाकल्या होत्या. बाबांशी कडाक्याचं भांडून ताई घर सोडून गेली, त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून घरात कुणी तिचं नाव काढत नव्हतं. तिच्या खोलीत तिचं म्हणून एवढं झाडच उरलं होतं, आणि आता तेही निघालं होतं.

काकूंनी मातीत बोट खुपसलं.

"पोहायला शिकवताय का याला? मुळं कुजायला लागलीत. किती जण पाणी घालता?"

"मी एकटी. आठवड्यातून कपभर. आई त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाही. आणि बाबांचं तर विचारूच नका."

"बरं. मग आता थेंबही घालू नकोस. रोज कुंडीचं वजन कर. कमी होत गेलं पाहिजे."

"आणि तरी झाड गेलं तर?"

"एक धड पान मिळव. मागच्या शिरांना ब्लेडने छेद दे आणि ओलसर मातीवर पसरून ठेव. जिथे कापलंस, तिथूनच नवं रोप फुटतं."

सोमवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर कुंडी भरली नऊशे ग्रॅम. मंगळवारी नऊशे चाळीस! विज्ञानाच्या बाईंना हा आकडा दाखवला असता, तर त्यांनी वहीच भिरकावली असती.

बुधवारी शाळा अर्ध्यावर सुटली. ती चोरपावलांनी ताईच्या खोलीत शिरली आणि पलंग नि भिंत यांच्यामधल्या फटीत आडवी झाली. हिरवा पडदा फुगत होता, ओसरत होता. सगळी खोली तळ्याच्या बुडाशी असल्यासारखी. धुळीचे कण मासोळ्यांसारखे तरंगत होते. तिचे डोळे मिटत आले.

दार वाजलं. आई. हातात वाटी-चमचा. आजाऱ्याला औषध पाजावं तसे तिने मातीत तीन चमचे पाणी घातले, पदराने कुंडीची कड पुसली आणि गेली.

थोड्या वेळाने पुन्हा दार. बाबा, जेवणाच्या सुट्टीत घरी आलेले. बूट हातात! त्यांनी ऑफिसची बाटली कुंडीत तिरपी केली, खिशातून रुमाल काढला आणि एकेका पानावरची धूळ पुसू लागले. शेवटचं पान, एकच काय ते धड होतं, त्यांच्या हातात आलं. त्यांनी ते होतं तिथे टेकवून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग शर्टाच्या खिशात ठेवलं आणि पावलं न वाजवता निघून गेले.

फटीत तिने श्वास सोडला तेव्हा पडदा पुन्हा एकदा फुगला होता.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. बाबांच्या खिशातून रुपेरी कड डोकावत होती.

"उद्यापासून त्या झाडाला कुणी पाणी घालायचं नाही," ती म्हणाली.

आईचा डाव भांड्यातच राहिला.

"कुठल्या झाडाला?" बाबांनी ताटातून मान वर केली नाही.

तिने हात लांबवला आणि त्यांच्या खिशातलं पान ओढलं.

"जपून," बाबा पटकन म्हणाले. "देठ मऊ झालाय."

आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी आईकडे. तिने पान ताटाशेजारी उलटं ठेवलं. डाळिंबी शिरा वर आल्या.

"बाबा, मला एक नवं ब्लेड लागेल. यातून रोप येईल, दोन-तीन महिन्यांत. ते घेऊन मी ताईकडे जाणार आहे. विचारत नाहीये, सांगतेय. आणि कुणाला सोबत यायचं असेल, तर पाण्याची बाटली घरी ठेवून यायचं."