थ्रू प्रॉपर चॅनल

कादंबरीलाही एजंट असतो, हे मारोतरावांना रिटायर झाल्यावर कळलं. तोवर त्यांच्या माहितीत एजंट दोनच प्रकारचे : विम्याचे आणि जमिनीचे. पुण्याच्या मृणालबाई तिसऱ्या प्रकारच्या निघाल्या. लेखकाचं बाड वाचायचं आणि पसंत पडलं तर प्रकाशकाच्या गळी उतरवायचं, हा त्यांचा धंदा.

"हप्ता किती भरा लागते?" रत्नमालाबाईंनी विचारलं.

"काहीच नाही. पुस्तक निघालं तरच त्याईले पैसे भेटते."

"मंग ते कायले वाचतीन तुमचं?"

बायकोच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हे मारोतराव भिलाईच्या स्टील प्लांटच्या आस्थापना विभागात शिकले होते. तिथे ते हेडक्लार्क होते. त्यांच्या जाडजूड कादंबरीचं नाव होतं 'न्याय'. तिचा नायक तुमसरहून भिलाईला येतो, आयुष्यभर प्रामाणिक राहतो आणि दर तिसऱ्या प्रकरणात त्याचं प्रमोशन दुसराच कोणी घेऊन जातो. नायकाला दोष एकही नव्हता. कादंबरीचा तेवढाच एक दोष होता.

हुडको वसाहतीत मारोतरावांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून पंजाबराव ठवकर राहायचे. त्याच विभागातले, पण ज्युनिअर. मोठ्या आवाजाचा माणूस. मारोतराव कादंबरी पाठवताहेत हे ऐकल्यावर तेही एक दिवस बगलेत बाड घेऊन हजर झाले.

"मारोतभाऊ, मी बी लिहून ठेवली गा एक. 'टेबल फॅन' नाव आहे."

"पंख्यावर कादंबरी?"

"तुमी फॉरवर्ड करा फक्त."

"अरे, डायरेक्ट पाठव. तुया नातवाजवळ ईमेल आहे नं?"

पंजाबराव दुखावले. "मी डायरेक्ट कसा पाठवू? तुमी सीनिअर. डायरेक्ट गेलेला अर्ज वापस येते, तुमीच तर करत होते वापस!"

हे खरं होतं. प्लांटमध्ये थेट वर गेलेल्या कागदाची काय गत होते, हे दोघांना पाठ होतं. पुण्याच्या बाईंना ठाऊक नसेल, पण म्हणून काही शिस्त सोडायची नसते. मारोतरावांनी दोन्ही बाडं स्कॅन करून आणली आणि स्वतःच्या ईमेलवरून पाठवली. सोबत एक सुरेख अग्रेषण पत्र, म्हणजे फॉरवर्डिंग लेटर, जोडलं. त्यात दोन्ही कादंबऱ्यांचा 'वरिष्ठतेनुसार' विचार व्हावा, अशी विनंती होती. 'टेबल फॅन' त्यांनी वाचली नाही. फॉरवर्ड करणाऱ्याने वाचायचं नसतं.

मग वाट पाहणं सुरू झालं. रोज सकाळी पंजाबराव चहाला यायचे आणि चप्पल काढायच्या आधी विचारायचे, "आलं का?" मारोतराव मोबाइलच्या स्क्रीनवर बोट ओढत बसायचे. त्यांचा मुलगा पीयूष ड्यूटीवर जाता जाता म्हणायचा, "पापा, स्क्रीन घिस जाएगी." मराठी तो फक्त आईशी बोलायचा, आणि तेही जेवणाबद्दल.

पावसाळा संपता संपता मेल आला. मारोतराव तेव्हा हुडकोच्या बाजारात मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा निवडत होते. ते तिथेच बाजूला उभे राहून वाचू लागले.

'सप्रेम नमस्कार. श्री. ठवकर यांची टेबल फॅन वाचली. रिटायर होणाऱ्या माणसाच्या नावावर कधीकाळी दिलेला ऑफिसचा पंखा सापडत नाही आणि तो गावभर शोधत फिरतो, एवढीच गोष्ट. पण मला ती हवी आहे. पंखा जमा केल्याशिवाय त्याचे कागद न सोडणारा त्यातला हेडक्लार्क विसरता येत नाही. आधी त्याचा राग येतो, मग कीव. त्यांच्याशी बोलायला आवडेल. आपली कादंबरी मात्र मी घेऊ शकत नाही, क्षमस्व. ता. क. आपलं अग्रेषण पत्र फार छान होतं. ते वाचूनच दोन्ही बाडं उघडली.'

शेंगा तिथेच राहिल्या. घरी येऊन मारोतरावांनी दार लावून स्कॅन केलेली 'टेबल फॅन' वाचून काढली. हेडक्लार्क कोण, हे पहिल्याच पानावर कळलं. तो चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधायचा. मारोतरावांनी चष्मा काढून पाहिला. दोरा होता.

ऑफिसात गैरसोयीची फाइल आली की तिच्यावर 'चर्चा करावी' असा शेरा मारायची पद्धत होती. चर्चा कोणी कोणाशी करायची, हे लिहायचं नसे. फाइल मग शांत झोपत असे. मारोतरावांनी मेलही तसाच ठेवला. खोटं ते बोलणार नव्हते, फक्त आज सांगणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी पंजाबराव आले. "आलं का?"

"चहा घे आधी," मारोतराव म्हणाले.

त्याच्या पुढच्या दिवशी मात्र "नाही" म्हणावं लागलं. एकदा म्हटल्यावर ते सोपं झालं.

पंजाबराव मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालले. पूर्वी त्यांच्या हसण्याने शेजारचं कुत्रं उठायचं. आता ते चहा पिऊन कप कुठे ठेवावा, याचाही विचार करायचे.

"कावून असे करून राहिले भाऊ?" रत्नमालाबाईंनी विचारलं.

"काही नाही, वहिनी. लिहाले बसलो का हात थांबते. दुसरी सुरू केली होती, पण वाटते, पयलीच फालतू आहे तं दुसरी कायले?"

दुसरीही होती तर! मारोतरावांनी खिडकीबाहेर पाहिलं.

दिवाळीच्या तोंडावर पंजाबराव एक कागद घेऊन आले. सुवाच्य अक्षरात अर्ज होता : माझी कादंबरी मी परत घेत आहे.

"हे बी फॉरवर्ड करून द्या, मारोतभाऊ. तुमच्या कादंबरीच्या आड माही येऊन राहिली असन. बाई मनत असन, हा कोण पंखेवाला. माही हटली तं तुमची तरी पास होईन. घरचं बाड मी रद्दीत देऊन टाकतो. जीवाले घोर नको आता."

कागद टेबलावर होता. पेन मारोतरावांच्या खिशात होतं. एवढा स्वच्छ कागद त्यांच्या हाताखालून क्वचितच गेला असेल. अर्जदाराची स्वतःची इच्छा, स्वतःची सही. फॉरवर्ड करणाऱ्यावर काहीच येत नाही. त्यांनी कोपऱ्यात 'अग्रेषित' लिहिलं. खाली सही करायला पेन टेकवलं आणि ते तसंच टेकवून बसले. शाईचा ठिपका पसरत गेला.

"पेन अटकला का?" पंजाबरावांनी विचारलं.

मारोतरावांनी पेन खाली ठेवलं, मोबाइलवर मेल काढला आणि समोर सरकवला.

पंजाबराव ओठ हलवत वाचत होते. एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा आधी उजळला. मग त्यांचं बोट स्क्रीनवर वर सरकलं आणि तारखेपाशी थांबलं. रत्नमालाबाई चहा घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच थबकल्या.

"हे तं पावसाळ्यातलं आहे," पंजाबराव म्हणाले.

मारोतरावांनी पेनाला टोपण लावलं.

"मी रोज येत होतो." आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर बरं झालं असतं. "रोज, मारोतभाऊ."

"मी वाचली तुयी कादंबरी," मारोतराव म्हणाले. "चांगली आहे."

"पंखा सापडला का शेवटी?" पंजाबरावांनी परीक्षा घेतल्यासारखं विचारलं.

"त्याच्याच टेबलाखाली असते. हेडक्लार्कच्या."

पंजाबरावांनी मान हलवली. आपला अर्ज उचलला, शाईच्या ठिपक्याकडे पाहिलं आणि नीट घडी घालून खिशात ठेवला.

"बाईले उत्तर लिहा लागन. तुमीच लिवा. तुमचं ड्राफ्टिंग चांगलं आहे, तिनं बी लिवलं."

मारोतरावांनी लिहायला घेतलं. 'आपल्या पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की' इथवर झरझर आलं. श्री. ठवकर बोलायला तयार आहेत, हेही आलं. मग उत्तराला झालेल्या विलंबाचं कारण आलं आणि बोट थांबलं.

"काय लिहू?"

पंजाबराव उठले. चहाला त्यांनी हात लावला नव्हता.

"लिवा, 'कार्यालयीन कारणास्तव'," ते चप्पल घालत म्हणाले, "आणि खाली माहा फोन नंबर टाका. आता डायरेक्ट बोलतो मी."