टेपमधला परका माणूस

मी एक जुना टेप आहे. निमगाव साव्याच्या चांगदेवच्या ट्रॅक्टरवर, डाव्या मडगार्डच्या वर, पत्र्याच्या पेटीत बसवलेला. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकायला आलात ते बरं केलंत, पण आधी सांगा, तुम्हाला पाठवलं कुणी? राग मानू नका. स्वभावाला औषध नसतं, आणि माझा स्वभाव संशयी आहे.

माझा जन्म कुठे झाला ते मला नक्की ठाऊक नाही. पाठीवरची चिठ्ठी एका देशाचं नाव सांगते आणि आतले भाग दुसऱ्याचं. तेव्हा स्वतःच्या जन्मापासूनच मला शंका घ्यायची सवय लागली. वारूळवाडीच्या धम्मपालने, म्हणजे वायरिंगवाल्या मिस्त्रीने, मला ट्रॅक्टरवर बसवलं. हात सफाईचा, बोलणं कमी. कॅसेटी गेल्या तेव्हा त्यानेच मला पेनड्राइव्ह लावायला जागा करून दिली आणि ब्लूटूथही जोडलं. या ब्लूटूथवर माझा आजही विश्वास नाही. वायर नाही, दोरा नाही, आणि माणूस खुशाल बोलतो.

माझे सुखाचे दिवस होते. चांगदेव नांगरट करायचा आणि मी दणदणीत गाणी लावायचो. लग्नाच्या वरातीत ट्रॅक्टर पुढे असायचा. पोरं माझ्याभोवती नाचायची. नवरदेवाकडे बघायला कुणाला वेळ नसायचा. मला ते फार आवडायचं.

मग शिवारात ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहायला आला. तेव्हापासून माझ्याकडे राखणीचं काम आलं. आमच्याकडे माणूस रानात एकटा असला की काहीतरी वाजत ठेवतो. माती भुसभुशीत करणाऱ्या रोटाव्हेटरच्या पात्यांना हराळीचं गवत गुंडाळलं की ट्रॅक्टर बंद करून, खाली उतरून, वाकून ते काढावं लागतं. वाकलेला माणूस बिबट्याला शेळीएवढा दिसतो असं सगळे सांगतात. अशा वेळी इंजिन गप्प असतं, म्हणून मी ओरडायचं. घरी रत्नाबाई, म्हणजे चांगदेवची बायको, कांदा निवडता निवडता कान माझ्याकडे ठेवायची. टेप वाजतोय म्हणजे माणूस धड आहे.

चांगदेवच्या पाठीचा मणका सरकला आणि डॉक्टरांनी त्याला ट्रॅक्टरवर बसायला बंदी केली. त्याची एकुलती एक मुलगी श्रेया कॉलेज संपवून घरी आली होती. तिला शेतीच करायची होती. पाहुण्यांनी नाकं मुरडली, पण तिने हट्टाने ट्रॅक्टर शिकून घेतला. चांगदेवने एकच अट घातली, की रानात असेपर्यंत टेपचा आवाज घरी आला पाहिजे. ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी ट्रॅक्टरची चावी परत. श्रेयाने मान डोलावली. तिची सगळी शेती माझ्या आवाजावर उभी राहिली, म्हणून मीही जिवाच्या आकांताने वाजायचो.

आणि मग तो आला.

झालं असं, की एका दुपारी श्रेया मला जोडलेल्या मोबाइलवर ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकची दुरुस्ती बघत होती. तो व्हिडिओ संपला आणि पुढचा आपोआप लागला. त्यात एक परका माणूस गिटारवर गात होता. इंग्रजीत, अगदी सावकाश, घशात धूळ गेल्यासारखा. मला वाटलं, आता ती बंद करील. पण तिने पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी तसलाच एक आणखी शोधला. मग एक म्हातारी आली, तिच्यासोबत आपल्या तुणतुण्याचा कुणी लांबचा भाऊबंद वाजत होता. मग बाजाची पेटी तोंडाने फुंकावी तसं काहीतरी वाजवणारा एक गडी आला. श्रेया म्हणायची, ही अमेरिकेतल्या खेड्यापाड्यातली गाणी. ट्रकवाले, खाणीतले कामगार, शेतकरी यांची. पेनड्राइव्ह भरत चालला.

माझ्या मनात पाल चुकचुकली. पहिला तो माणूस वारंवार का येतो? तो गाऊ लागला की ही आवाज कमी का करते? चांगल्या घरची मुलगी, आणि रोज भरदुपारी परका पुरुष तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटतोय. एक शब्द कळत नव्हता, म्हणून तर माझा संशय दुप्पट झाला. मला पुरतं पटलं, की हा अमेरिकेतला मुलगा आहे, हिला फितवतोय, आणि एक दिवस ही मला आणि ट्रॅक्टरला उसाच्या कडेला सोडून विमानात बसणार आहे.

त्या दिवशी उन्हं कलली होती. उसाला लागून असलेल्या तुकड्यात रोटाव्हेटरला हराळी गुंडाळली. श्रेयाने इंजिन बंद केलं, खाली उतरून पाती मोकळी केली आणि मग माझा आवाज अगदी बारीक करून बांधावर बसली. त्याचं गाणं लागलं होतं. ती डोळे मिटून शब्द पकडत होती; मोठ्या आवाजात माझा पत्रा थरथरतो आणि शब्द फुटतात. मी मनातून ओरडत होतो, अगं, घरी ऐकू जात नाही. पण माझा कान, म्हणजे आवाजाचं बटण, धम्मपालने दुसऱ्याच्या बोटाखाली ठेवलाय. मी काय करणार?

खळ्यावर रत्नाबाईला ना इंजिन ऐकू आलं, ना मी. तिने हाक मारली आणि चांगदेव काठी घेऊन धावत सुटला. मणका सरकलेला माणूस ढेकळांतून धावत होता. शेजारचे हौशीराम बाबाही कोयता घेऊन मागे. येऊन बघतात तर मुलगी जिवंत, आणि टेपमध्ये एक पुरुष हळू आवाजात गातोय.

चांगदेवचा चेहरा आधी सैल झाला, मग आवळला. त्याला धाप लागली होती.

"कोन हाय ह्यो?" त्याने विचारलं.

"गाणं हाय, अण्णा."

"गान्याला आवाज बारीक करावा लागतो व्हय?"

श्रेया सांगत राहिली, पण त्याने ऐकलं नाही. त्याने चावी काढून खिशात टाकली. हौशीराम बाबांनी रात्रीच्या जेवणाआधी गावभर केलं, की चांगदेवच्या पोरीचं अमेरिकेत कुठंतरी जमलंय. खरं सांगू? मला मनातून बरं वाटलं. माझा संशय खरा ठरला होता.

पण मग ट्रॅक्टर शेडात उभा राहिला. भाड्याचा ड्रायव्हर त्याचा स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन यायचा. श्रेया दिवसभर खळ्यावर कांदा निवडायची. माझ्यावर धूळ बसली. फितवणारा तो मुलगा काही तिला न्यायला आला नाही. तेव्हा पहिल्यांदा मला माझ्या संशयाचाच संशय आला.

एका दुपारी चांगदेव एकटाच शेडात आला. इकडेतिकडे बघून त्याने मला चालू केलं. चोर पकडायलाच आला होता. तो परका माणूस गाऊ लागला. चांगदेवने ते गाणं दोनदा ऐकलं, मग तिसऱ्यांदा लावलं. दारात श्रेया येऊन उभी राहिलेली त्याला दिसली, तरी त्याने बंद केलं नाही.

"काय म्हनतोय ह्यो?"

श्रेया जवळ आली. "ह्याच्या बापाची जमीन रस्त्यात गेली. आता ह्यो त्याच रस्त्यानं ट्रक चालवतो. जिथं त्यांची विहीर व्हती, तिथं आला की गाडी हळू करतो."

पुण्याच्या रस्त्यावर पेठजवळ चांगदेवच्या मामाची विहीर होती. तो लहानपणी तिच्यात पोहायला शिकला होता. रस्ता रुंद झाला तेव्हा ती बुजली. पुण्याला जाताना तो तिथे दरवेळी गाडी हळू करायचा. मला ठाऊक आहे, कारण कांदा घेऊन जाताना ट्रॅक्टरवर मी असायचो. घरात त्याने हे कधी कुणाला सांगितलेलं नाही.

"थांबत न्हाई का?" त्याने विचारलं.

"न्हाई. मागं गाड्या असत्यात."

"असत्यातच," चांगदेव म्हणाला.

त्याने गमछ्याने तोंड पुसलं, मग त्याच गमछ्याने माझी पेटी पुसली. खिशातून चावी काढून तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "आवाज मोठा ठेव. ह्यो बाबा घरापत्तुर ऐकू आला पायजे."

आता निमगाव साव्याच्या शिवारात अमेरिकेतले ट्रकवाले पूर्ण आवाजात गातात. बिबट्याला ते कसे वाटतात, देव जाणे. रत्नाबाई त्या गाण्याला 'विहिरीचं गाणं' म्हणते आणि ते ऐकू आलं की निवांत कांदा निवडते. माझा संशयी स्वभाव काही गेलेला नाही. श्रेयाने काल नवीन कुणी गाणारी बाई शोधलीय, तिच्यावर मी नजर ठेवून आहे.

मित्रांनो, जुन्या टेपवरची धूळ पुसत जा, हे तर मी सांगणारच. पण आणखी एक मागणं आहे. तुमच्या घरातलं कुणी आवाज बारीक करून अनोळखी गाणं ऐकत बसलं, तर हवं तर काठी घेऊन धावत या. जिवाची काळजी असते, धावावंच लागतं. पण धाप ओसरली, की 'कोण आहे हा?' असं विचारू नका. शेजारी बसा आणि विचारा, 'काय म्हणतोय हा?'