पुतळीबायचे चार घास

माझी थोरली बहीण पुतळी जेवायला बसली की वाढणारीनं पदर खोचूनच उभं राहावं, अशी तिची पेणच्या खाडीपट्ट्यात ख्याती होती. आम्हाला त्याचा अभिमान होता, उगाच खोटं कशाला बोलू? मिठागरात राबणारी माणसं आम्ही. आमच्यात अंगानं भरलेली बाई म्हणजे घर सुखी. पण पंचेचाळिशीतच बाय अंगणातून ओटीवर येताना दोनदा थांबायला लागली, साखर वाढली, गुडघे कुरकुरू लागले. मग नव्व्याण्णव सालच्या जानेवारीत मी तिला मुंबईला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर भला माणूस होता. शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं आणि चरबी फार झाली की त्या पेशी वयाआधीच म्हाताऱ्या होतात, असं त्यानं समजावलं. पोट लहान करायचं ऑपरेशन नवीनच निघालं होतं. वजन उतरलं तर हे आतलं म्हातारपण थोडं मागे सरेल असा त्याचा अंदाज होता, पण छातीठोकपणे सांगता येत नाही, हेही तो बोलला. बायनं विचारलं, मग माझं आतलं वय किती? तो जरा चाचरला आणि म्हणाला, तुमच्या आईच्या आसपास. आमची आई काशीबाई त्या वेळी बाहेर बाकड्यावर बसून वडापाव खात होती. बायला ते फारच लागलं. तिनं तिथल्या तिथं ऑपरेशनला होकार दिला.

गावात आम्ही सांगितलं की पित्ताचे खडे काढले. ही अक्कल माझे भावोजी काळुराम यांची. ऋतुजाचं, म्हणजे माझ्या भाचीचं, लग्न जमवायचं होतं आणि पोट कापून घेतलेल्या बाईची पोरगी कोण करून घेणार, याची त्यांना धास्ती. वर्षभरात बाय जवळजवळ निम्मी झाली. बांधावरून झपझप चालायला लागली, साखर उतरली, रात्रीची झोप लागायला लागली. जेवण मात्र चार घास. पाचवा गेला की उलटून यायचा.

इकडे ऋतुजाचं मन वरसे गावच्या प्रणितवर बसलं होतं. मुलगा धाटावला कंपनीत शिफ्ट करायचा, स्वभावानं गरीब, दिसायला बरा. दुसरं स्थळ आणलंत तर मी घर सोडून जाईन, असं तिनं बापाला सांगून ठेवलं होतं. पोरगी आईवर गेलेली, बोलली की करून दाखवणारी. म्हणून हे जमणं भाग होतं.

आता आमच्या नात्यागोत्यातली रीत सांगतो. मुलीकडचे मुलाचं घर बघायला जातात, तेव्हा जेवण होतं. स्थळ पसंत नाही असं तोंडावर कुणी बोलत नाही. मुलीच्या आईनं पानावर अन्न ठेवून हात धुतले की समजायचं, विहीणबाय रुसल्या, काहीतरी खटकलं. निघताना हे आमच्यापैकी एकाच्या तरी डोक्यात यावं की नाही? पण नाही आलं. भावोजींचं सगळं लक्ष बायच्या टाक्यांचा वण लुगड्याखाली झाकलेला आहे की नाही, यातच.

वरशाला प्रणितच्या आईनं, अनिताबायनं, पुतळीची ख्याती ऐकूनच स्वयंपाक केला होता. खाडीतल्या जिताडा माशाचं कालवण, मटण, वडे, तांदळाच्या भाकऱ्या. स्वतः मात्र त्या खुर्चीतून हलल्या नाहीत, बसल्या जागेवरून नणंदांना हुकूम सोडत होत्या. बाईला जरा ताठाच दिसतो, असं माझ्या मनात आलं. बायनं चार घास खाल्ले, जिताड्याची तोंडभर स्तुती केली आणि हात धुतले.

पंगत गपगार झाली.

पहिल्यांदा प्रणितच्या बापानं, शिवानं, मला मागीलदारी नेलं. कोपऱ्यातला फ्रिज शेजाऱ्यांचा आहे, उद्या परत द्यायचाय, तुम्हाला कसं कळलं, असं त्यानं पडल्या चेहऱ्यानं विचारलं. मला हसावं की रडावं कळेना. मी काही बोलायच्या आत प्रणित आला. कंपनीत अजून कायम केलेलं नाही, कायम व्हायला वर्ष लागेल, हे ऋतुजाला ठाऊक आहे पण तुम्हाला सांगायचं राहिलं, असं तो खाली मान घालून म्हणाला. हे असंच चाललं असतं तर घरातली भांडीही कुणाकुणाची ते कळलं असतं.

आम्ही परत ओटीवर आलो. बाय गोरीमोरी होऊन बसली होती. खरं सांगावं तर ऑपरेशन उघडं पडतं, न सांगावं तर पोरीचं लग्न मोडतं. भावोजी डोळ्यांनी तिला गप्प राहायला खुणावत होते. तेवढ्यात अनिताबायच बोलल्या.

"विहीणबाय, तुमी वळखलंत. मी ताठ्यानं बसली नाय. मना उठवत नाय. चार पावलं चालली की दम भरतो, साखर हाय, गुडघे गेले. तुमाला वाटंल, पोरीला सासूची सेवा करायला नेताव, म्हणून मी लपवलं. पोराला बोल लावू नका."

प्रणितला आईनं हे सगळं मुद्दाम लपवलंय हे माहीतच नव्हतं.

बायच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. भावोजींकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. अनिताबायच्या खुर्चीशी जाऊन ती जमिनीवर बसली आणि सगळं सांगून टाकलं. मुंबईचा डॉक्टर, कापलेलं पोट, चार घास, खोटे खडे, सगळं. टाक्यांचा वणसुद्धा लुगड्यावरून बोट फिरवून दाखवला. "मी रुसली नाय गो. मना पोरगा पसंत हाय, घर पसंत हाय. माझ्या पोटात जागाच नाय."

आधी शिवा हसला, मग सगळेच. भावोजीही शेवटी हसले, जरा उशिरानं. फक्त अनिताबाय हसत नव्हत्या. त्यांनी बायचा हात धरला आणि हळूच विचारलं, दुखतं का. बाय म्हणाली, दुखतं, पहिला महिना फार दुखतं, आणि जिताडा समोर असून खाता येत नाही तेव्हा त्याहून जास्त.

"पन आतून खरंच वय कमी होतं का गो?"

"त्या डॉक्टरला पन पक्कं ठाऊक नाय. मना एवढंच ठाऊक, गेल्या साली मी माझ्या आयेएवढी म्हातारी होती. आता पोरीच्या हळदीला नाचनार हाय. तू पन चल माझ्यासंगती मुंबईला. मी येते."

अनिताबायनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. आईला उठवायला प्रणित सवयीनं पुढे झाला, तर बायनं त्याला थांबवलं. वर्षापूर्वी जिला जमिनीवरून उठवायला आम्ही तिघं लागायचो, ती माझी बहीण हात न टेकता उभी राहिली आणि तिनं विहिणीच्या काखेत हात घालून तिला एकटीनं उठवलं.

मी तोंड फिरवलं, कारण मला रडू आवरेना.