तिपाईखालचं पाणी

जळगाव जामोदहून जीपा भरभरून माणसं आली होती. सोजराबाईच्या संत्र्याच्या बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध तिपाईवर हार घातलेलं यंत्र गरगर फिरत होतं आणि लॅपटॉपला हळदकुंकू लागलं होतं.

"याले म्हंतात पॉइंट क्लाउड!" गजेंद्र गरजला. "क्लाउड म्हंजे काय? ढग! आभायातला ढग सबन पाह्यतात, मी जमिनीतला दावतो. अन् ढग हाय तं पाणी हायच!"

पडद्यावर बाग उमटली. तिच्या मध्यभागी निळाशार गोल. "माय वं, पाणी!" बायांनी हात जोडले.

आधी गजेंद्रच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला, म्हणजे खाली पाणी असं तो म्हणाला, तिथंच तिपाई रोवली, आणि यंत्रानंही नेमकी तीच जागा दाखवली. आता शंका कोण घेणार? बोअरची गाडी आत यायला वाट हवी, म्हणून सकाळीच अकरा झाडांची एक ओळ तोडली होती. दुसरीला कुऱ्हाड लागायची होती. नवरा गेल्यावर सोजराबाईनं ही झाडं डोक्यावर पाणी वाहून जगवली होती.

टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. गजेंद्र माझा विद्यार्थी. लिंबातून रक्त काढणाऱ्या बुवांचं बिंग फोडायला तो माझ्याबरोबर गावोगाव हिंडला होता. "मास्तर, मानूस खरा हाय ना?" असं सोजराबाईनं विचारलं, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो होतो, "माझ्या हाताखालचा आहे."

तेवढ्यात तिची सून सुवर्णा पुढे आली. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते.

"भाऊ, हे मशीन आमच्या घराच्या स्लॅबवर ठेवता का जरा?"

"देवाची परीक्षा पाहू नाही, ताई."

"देवाची नाही, मशीनची पाहून राह्यली."

लोकांनाही गंमत वाटली. तिपाई स्लॅबवर चढली, यंत्र फिरलं, पडदा उजळला. स्लॅबच्या मधोमध निळाशार गोल!

"अबे, स्लॅबात विहीर!" कोणीतरी ओरडलं.

सुवर्णानं शांतपणे सांगितलं. यंत्र चहूकडे लेझर फेकतं आणि तो जिथं आपटतो तिथला एकेक बिंदू टिपतं. लेझर मातीत शिरतच नाही. असे लाखो बिंदू, म्हणून 'ढग' म्हणायचं. पण स्वतःच्या पायाखालचं यंत्राला दिसत नाही, तिथं एकही बिंदू मिळत नाही. बिंदूंचं चित्र करताना प्रोग्राम रिकाम्या जागी शून्य भरतो, आणि शून्याला निळा रंग गजेंद्रनं दिला होता. तिपाई जिथं, पाणी तिथं.

"तुला हे माहीत होतं?" मी गजेंद्रला विचारलं.

तो वायर गुंडाळत राहिला. "सर, लिंबू आता कोनी पाह्यत नाही. लोकं कशाले भुलतात, हे तं तुमीच शिकवलं."

असा दगा मला कुठल्या बुवानंही दिला नव्हता. मी स्लॅबवरून खाली आलो. सोजराबाई तोडलेल्या बुंध्यांजवळ बसली होती.

"मी त्याले कुठी ओयखत होती, मास्तर?" ती म्हणाली. "तुमच्या शब्दावर तोडली झाडं."

म्हणून सांगतो. चमत्काराला हार असो की वायर, 'जागा बदलून दाखव' एवढंच म्हणा. शिफारस करणारा मास्तर असला तर त्यालाही विचारा, 'तुम्ही स्वतः तपासलंत का?' त्या सकाळी मला हे कोणी विचारलं असतं, तर अकरा झाडं आज उभी असती.